बाकाची सावलीकडची बाजू

सकाळी किती फेऱ्या मारल्या, एवढंच लिहायला मी वही केली होती. पण आमच्या मंडळींत चालणं कमी आणि बसणं जास्त. बसलं की किस्से होतात. आता तिसरी वही चालू आहे आणि माझं वजन आहे तेवढंच!

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या बागेत एकच बाक. त्याचं एक टोक सावलीत, बाकी सगळा उन्हात. नियम केळकरांचा. ज्याचं मूल सर्वांत लांब, त्यानं सावलीत बसायचं. केळकरांचा मुलगा शिकागोत, सॉफ्टवेअरमध्ये. नियम कुठून आला ते कळलंच असेल!

*

मग सोनवणे साहेबांच्या मुलीला ऑकलंडला नोकरी लागली. साहेब महसूल खात्यातून निवृत्त. आले ते थेट सावलीसमोर उभे राहिले.

"उठा, केळकर."

मी घरून पृथ्वीचा गोल आणि शिवणाचा दोरा आणला. शिकागोचा दोरा बोटभर जास्त भरला.

"त्यांचा दोरा सैल धरलाय तुम्ही. माझ्यासमोर मोजा."

तीनदा मोजला. बोटभरच! साहेब उन्हात बसले. "अपील करणार," म्हणाले.

*

अपील सोमवारी आलं, फुलस्केप कागदावर.

"अंतर नको, प्रवासाचा वेळ धरा. यांचा मुलगा मुंबईहून रात्री निघतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिकागोत असतो. माझी मुलगी रात्री निघते ती तिसऱ्या दिवशी पोचते!"

"अहो, तिकडची घड्याळं मागे असतात!" केळकर ओरडले.

"मग मुलाला घड्याळ बदलायला कुणी सांगितलं होतं?"

केळकर वाद घालायला उठून उभे राहिले. तोवर साहेब सावलीत बसलेही होते.

*

शेजारच्या घाटे काकू हे सगळं ऐकत होत्या.

"वेळच धरायचा ना? माझी मुलगी येरवड्याला. परवा दोन बस बदलून गेले, दोन तास लागले! तेवढ्यात पुण्याचं विमान दिल्लीला पोचतं."

"सरकारी गाडीनं जायचं, काकू," केळकर म्हणाले. "थेट आत नेऊन सोडतात."

काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

*

आणि एक दिवस केळकरांनी पेढे वाटले. मुलगा कायमचा परत येऊन काही दिवस झाले होते. हिंजवडीत मोठी नोकरी, आणि घर केळकरांच्याच बिल्डिंगमध्ये.

"आता अंतर किती?" सोनवणे साहेबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

"दोन मजले. आम्ही पहिल्यावर, तो तिसऱ्यावर."

"म्हणजे आता गवतावर बसा!"

काकूसुद्धा हसल्या. मी वही उघडली. अंतर लिहिलं. वेळेचा रकाना रिकामा होता.

"आणि वेळ?"

केळकरांनी बोटांवर मोजलं.

"सकाळी आम्ही इथे असतो तेव्हा तो निघतो. येतो तेव्हा आमचे दिवे बंद. काल ई-मेल आलाय त्याचा, 'बाबा, कसे आहात?' म्हणून." त्यांनी पुन्हा मोजलं. "त्याला येऊन एकोणीस दिवस झाले. अजून पोचायचाय."

सोनवणे साहेब उठले आणि उन्हात जाऊन बसले.