तिनं दोघींची नावं दिली होती

रक्तातली साखर वाढल्याचं कळलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. जुन्या जालन्यात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर असला माल. सकाळी दहाला दुकानात बसायचं ते दिवेलागणीनंतरच उठायचं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार न्हाई. हालचाल पायजे."

हे मी लेकीला फोनवर सांगितलं. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एकुलती एक. दिवाळीला येते आणि उन्हाळ्यात एकदा येते, तीन-तीन दिवस, त्यातही लॅपटॉप उघडाच असतो. एरवी आमचा फोन म्हणजे "जेवलीस का?", "हो, तू?", "हो", एवढाच. साखरेचं सांगितल्यावर चार दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, आपण दोघी सायकल सहलीला चाललोय. मी नावं देऊन टाकली."

जालन्यातल्याच सायकलवाल्यांचा एक गट होता, तो दर हिवाळ्यात अशी सहल काढायचा. गुरुवारी निघायचं, अंबड, घनसावंगी, परतूर असे मुक्काम करत रविवारी परत जालन्यात. मला हसूच आलं. लग्नाआधी माहेरी चालवलेली सायकल, त्याला तीस वर्षं होत आली होती. पण ती ऐकेना. "तुझी साखर कमी होईल, माझी पाठ मोकळी होईल. दिवसभर खुर्चीवर बसून माझीही वाट लागलीये."

गच्चीवर तिची कॉलेजातली सायकल पडून होती. यांनी ती खाली आणून दुरुस्त करून घेतली. मी पहाटे मोती बागेच्या रस्त्याला जायला लागले. पहिल्या दिवशी दोन चकरांत दम लागला आणि कडेला बसून राहिले. पण महिनाभरात अंग सरावलं. तीही तिकडं चालवते म्हणायची. रोज संध्याकाळी फोन यायचा. किती झालं, सीट उंच घे, पाणी थोडं थोडं पी, गुडघा दुखला तर सांग. ते दोन महिने आम्ही जितकं बोललो, तितकं ती पुण्याला गेल्यापासून बोललो नव्हतो. मला तर सायकलपेक्षा त्या फोनचीच ओढ लागली होती. चार दिवस ती आणि मी. एका खोलीत झोपायचं, सकाळी बरोबर उठायचं. तिला काही मोठं विचारायचं होतं असं नाही. ती हल्ली सकाळी उठल्या उठल्या काय करते, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं.

निघायला तीन दिवस राहिले आणि तिचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं.

"आई, कामाची तारीख अलीकडं आली गं. सुट्टी रद्द झाली. मी खूप भांडले."

"काही हरकत न्हाई," मी म्हणाले. "तुझं काम बघ. सहल काय, पुन्हा होईल."

फोन ठेवला आणि पुढ्यात पडलेल्या अस्तराच्या घड्या घालत बसले. हे जरा वेळानं म्हणाले, "तू जा. दुकान मी बघतो. दोन महिने पाय दुखवून घेतलेस ते काय उगंच?"

गुरुवारी सकाळी जालना स्टेशनजवळ सगळे जमले. अठराजण होते. बँकेतले, बियाणे कंपनीतले, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, दोन कॉलेजच्या मुली. सामानाचा टेम्पो मागून येणार होता. गटाचे म्होरके एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. त्यांच्या हातातल्या यादीत लेकीच्या नावावर आडवी रेघ होती, आणि खोलीसाठी माझ्याबरोबर एका निवृत्त नर्सबाईंचं नाव घातलं होतं. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, उंच, काटक. सलवार-कुडत्यावर मुलाचं जुनं जाकीट चढवलेलं. मी त्यांना सिस्टरबाई म्हणायला लागले.

अंबडपर्यंतचा रस्ता मला झेपला. मांड्या भरून आल्या, तळहात लाल झाले, पण झेपला. दोन्ही बाजूंनी वेचणी होत आलेली कपाशी होती, मध्येच हरभऱ्याचं हिरवं रान. एका ठिकाणी बाया कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बांधावरून चालल्या होत्या, त्यांतली एक मला ओरडून म्हणाली, "ओ ताई, कुठं निघाल्या?" मी "फिरायला" म्हणाले तर सगळ्या हसल्या. हे लेकीला सांगावं म्हणून मी बाजूला वळले. बाजूला कोणी नव्हतं. पुढं त्या कॉलेजच्या दोघी हँडलला हँडल लावून बोलत चालल्या होत्या. मी त्यांच्यापासून जरा मागंच राहिले.

दुपारी मी लेकीला फोटो पाठवले. तिनं पाहिले, आणि संध्याकाळी एक अंगठा पाठवला.

मुक्काम मंगल कार्यालयात होता. हातपाय धुऊन गादीवर बसले तर सिस्टरबाईंनी तेलाची बाटली काढली आणि न विचारताच माझा गुडघा चोळायला घेतला.

"फोनमध्ये काय बघून राह्यली सारखी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी दुसरा गुडघा ओढून घेतला.

"मंग तिला सांगितलं का?"

"काय?"

"तुला वाईट वाटलं म्हणून."

"तिला कामं असतात हो. तिकडं लई दगदग असते."

"ते बराबर हाय. पण सांगितलं का?"

मी फोन उशीखाली सरकवला. त्या म्हणाल्या, "माझा पोरगा नाशिकला. मी त्याला कधी ये म्हणलं न्हाई. त्याचा धंदा, त्याची लेकरं, कशाला वढून घ्यायचं? आता तो म्हणतो, माझी आई लई खंबीर, तिला कुणी लागत न्हाई. चार लोकांत कौतुकानं सांगतो." तेलाचं झाकण लावून त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढत असताना आम्ही अंतरवाली सराटीला चहाला थांबलो. चौकात टपऱ्या होत्या, तिथं सायकली लावल्या. गावातले दोघं-तिघं जण आमच्या सायकलींची चाकं दाबून बघत होते. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. लेक होती, चहाच्या सुट्टीत.

"आई, कसं चाललंय? मज्जा येतीये ना?"

"हो, मस्त," मी म्हणाले.

समोरच्या बाकड्यावर सिस्टरबाई बसल्या होत्या. त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी कप खाली ठेवला आणि टपरीच्या मागं, कडब्याच्या गंजीपाशी गेले.

"आई? आवाज येतोय का?"

"येतोय. ऐक. मला तू इथं पायजे होतीस."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, तू तर म्हणालीस काही हरकत नाही."

"म्हणले मी. पण हरकत होती. साखरेचं काय, ती मोती बागेतबी कमी झाली असती. मी तुझ्यासाठी आल्ते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला बोलता येत न्हाई तसं."

पलीकडं कोणीतरी तिला हाक मारली, "एक मिनिट" असं ती त्यांना म्हणाली. मग दार लागल्याचा आवाज आला. ती जिन्यात गेली असावी. आवाज घुमायला लागला.

"आई, उद्यापर्यंत मला सुटका नाही. पण शनिवारी रात्री निघू शकते. रविवारी सकाळी मी तुझ्याबरोबर असेन. येऊ?"

'नको, एका दिवसासाठी कशाला उगं जागरण,' हे अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"ये," म्हणाले.

त्यानंतरचे दोन दिवस मी सायकल कशी चालवली ते मला आठवत नाही. घनसावंगीचा मुक्काम, परतूरकडं जाताना लागलेली ज्वारीची रानं, एकदा साखळी उतरली आणि बँकेतल्या एकांनी ती बसवून दिली, एवढंच डोक्यात राहिलं. सारखं वाटायचं, आता तिचा फोन येईल आणि ती म्हणेल जमत नाही. फोन वाजला की मी आधी कोणाचा ते बघायचे. शनिवारी रात्री परतूरला जेवायला बसलो तेव्हा तिचा निरोप आला, "ट्रॅव्हल्समध्ये बसले." तो मी सिस्टरबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा नसल्यानं फोन लांब धरून वाचला आणि म्हणाल्या, "आता जेव नीट."

ती जालन्याहून सकाळच्या रेल्वेनं परतूरला येणार, हे सरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटच्या दिवसाचा टप्पा सगळ्यांत मोठा, म्हणून उजाडताच निघायचं ठरलं होतं. पण सर म्हणाले, "गाडी येईपर्यंत थांबू ना ताई. त्यात काय एवढं?" सगळा गट परतूर स्टेशनबाहेर सायकली उभ्या करून पोहे खात थांबला. गाडी अर्धा तास लेट होती. मी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते.

ती मागच्या डब्यातून उतरली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले, पाठीवर पिशवी आणि हातात डबा. यांनी भल्या पहाटे तिला जालन्यात बसमधून उतरवून घेऊन रेल्वेत बसवून दिलं होतं, आणि त्याआधी घरी स्वतः तिखट पुऱ्या लाटल्या होत्या म्हणे. मिठी मारायची आमच्यात पद्धत नाही. मी तिच्या गालाला हात लावला. गार पडला होता.

"आई, तू बारीक झालीस," ती म्हणाली.

टेम्पोत एक जादा सायकल होती, ती तिला दिली. आम्ही सगळ्यांच्या मागं राहिलो. सकाळची थंडी होती, रस्त्याला वर्दळ नव्हती. पहिले काही किलोमीटर ती भराभर चालवत होती, मग माझ्या वेगाला आली. न विचारताच बोलायला लागली. तिच्या खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली, त्याला सात महिने झाले होते. तेव्हापासून ती एकटीच राहत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"सांगितलं न्हाईस?"

"तू काळजी केली असतीस."

"मंग? करू दिली असती."

ती हसली. म्हणाली, रात्री जेवताना ती लॅपटॉपवर काहीतरी लावून ठेवते, घरात आवाज राहावा म्हणून. आणि फोनवर मी "जेवलीस का?" विचारते तेव्हा पुष्कळदा ती जेवलेली नसते. मी पायडल मारत राहिले. तिचा हात हँडलवर होता, त्यावर आपला हात ठेवावा असं वाटत होतं, पण चालत्या सायकलवर ते मला जमत नाही.

वाटूर फाट्याच्या अलीकडंच ती ढेपाळली. रात्रभर जागरण, आणि तिकडं चालवते म्हणत होती तेही महिन्याभरापूर्वीच बंद पडलं होतं, तसं तिनं आता कबूल केलं. पोटरीत गोळा आला आणि ती रस्त्याच्या कडेला खालीच बसली. सिस्टरबाईंनी मागं येऊन तिचा पाय ताणून दिला. सर म्हणाले, "बेटा, तू टेम्पोत बस. बिलकुल हट्ट करू नको."

सिस्टरबाई माझ्याकडं वळल्या. "तूबी बस जा तिच्यासंगं."

मला बसायचंच होतं. मी सायकल टेम्पोकडं वळवलीसुद्धा. पण लेक म्हणाली, "नाही आई. तू चालव. तू पूर्ण कर. मला बघायचंय." मी तिच्याकडं बघितलं. ती मनापासून म्हणत होती.

टेम्पो माझ्या पुढं निघाला. मागचं फळकं उघडं होतं. ती आमच्या सामानाला टेकून माझ्याकडं तोंड करून बसली होती आणि फोननं माझा फोटो काढत होती. जरा वेळानं फोन तिच्या हातातून मांडीवर पडला. ती झोपली होती, तोंड किंचित उघडं, शाळेत असताना झोपायची तशी. टेम्पो हळू होता तरी माझ्यापेक्षा जोरातच. मी जीव खाऊन पायडल मारायला लागले. अंतर वाढतच गेलं. पुढं कुठंतरी पाण्यासाठी टेम्पो थांबायचा, मी तिथं पोचायचे, ती झोपलेलीच असायची. मी बाटली भरून घ्यायचे, तिच्या अंगावरची शाल वर ओढायचे आणि सर "निघू या" म्हणाले की पुन्हा सायकलवर बसायचे. अख्खी दुपार अशीच गेली. ती माझ्याजवळ होती आणि मला तिची आठवण येत होती.

जालन्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सरांनी सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. लेक जागी होऊन टाळ्या वाजवत होती. घरी जाऊन तिनं वरणभात खाल्ला, आंघोळ केली, आणि संध्याकाळच्याच बसनं परत गेली. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. बसच्या खिडकीखाली उभी राहून मी पहिल्यांदाच तिला विचारलं, "आता कधी येशील?"

"बघते गं आई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आलेले मी बघितले.

त्याला आता वर्ष होत आलं. माझी साखर पुष्कळ खाली आली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. लेक मध्ये एकदा अचानक दोन दिवस येऊन गेली. पावसाळ्यात तिची बदली बंगळूरला झाली. आता ती आणखी लांब आहे. पण खोलीत एकटं वाटलं की सांगते, जेवली नसली की नाही जेवले म्हणते. ऐकून मला झोप येत नाही, तरी तिनं सांगितलेलं बरं वाटतं.

यंदाची सहल भोकरदनच्या बाजूला आहे. येतेस का म्हणून मी तिला विचारलं. काल सकाळी मी आणि सिस्टरबाई अंबड रस्त्याला सायकली लावून पाणी पीत होतो, तेव्हा सिस्टरबाईंनी विचारलं, "काय म्हणली?"

"जमवते म्हणली."

"मंग?"

"मंग काय," मी म्हणाले, "वाट बघून राह्यले."