पाठमोरी खुर्ची

आमच्या हिंदी मुलखातल्या शाळेत दर वर्षी मुलांच्या तब्येतीचा सर्व्हे करायला एक बाई येतात. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. पाटणकर बाजार नावाच्या भागातून त्या पायी येतात, चहा नको म्हणतात आणि आधी मुलाची खुर्ची फिरवतात, म्हणजे त्याची पाठ माझ्याकडे होते. मग फॉर्म उघडतात.

पहिल्या वर्षी खुर्ची सरळ होती, तेव्हा माझ्या वर्गातली सगळी मुलं दूध पिऊन आली होती. उपाशी येणाऱ्यांना मी रागावते. खुर्ची फिरल्यापासून बरीच उपाशी निघतात.

"आज सकाळी काय खाल्लंस?" यंदा बाईंनी एका मराठी मुलीला विचारलं.

"काहीच नाही, मम्मी सोई हुई थी."

बाईंनी तेवढंच लिहिलं. अरेरे नाही, उपदेश नाही.

यंदा शेवटी शिक्षकांसाठीही एक पान होतं.

"झोप नीट लागते?"

"अगदी छान," मी म्हटलं.

बाईंचं पेन हललं नाही. मी बघत होते तिकडे त्यांनी पाहिलं. दारात मुख्याध्यापक उभे होते.

"मॅडम, जरा उठता का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझी खुर्ची फिरवली.