केवळाबाईंची बिनतंबाखूची मिसरी

औशात किल्ल्याकडे जाणाऱ्या एका बोळात केवळाबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, गिरणी विकून टाकू. केवळाबाईंनी पट्टा चढवला, बटण दाबलं, आणि दीर पुढं काय बोलला ते त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. तेव्हापासून त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या असतात. दात मात्र मिसरीनं काळे.

बोळातल्या बायकांची सकाळ गिरणीच्या ओट्यावर उजाडायची. डाव्या तळहातावर काळी पूड, उजव्या हाताचं बोट तोंडात आणि उरलेल्या तोंडानं गावाची पंचाईत. कुणाची सून रुसून माहेरी गेली आणि तिला आणायला गेलेला हात हलवत कसा परत आला, हे दात घासता घासता समजायचं. निवृत्त शिक्षिका चंद्रप्रभाबाईसुद्धा पदर सावरत यायच्या. शाळेत त्या तंबाखूमुक्तीची शपथ द्यायच्या. पण ती पोरांसाठी होती, असं त्यांचं म्हणणं.

मिसरी भाजायचा मान केवळाबाईंचा. लोखंडी तव्यावर तंबाखू काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची आणि खलबत्त्यात कुटायची. त्या दिवशी बोळभर ठसका. माणसं शिंकायची, शेळ्या शिंकायच्या. पलीकडच्या बांगड्यांच्या दुकानातून जाहिदाभाबी ओरडायच्या, "केवळाक्का, बोळ रिकामा करून राहिली का गं?" आणि पहिली डबी भरून घ्यायला त्याच यायच्या.

मागच्या थंडीत केवळाबाईंची दाढ ठणकली. नात अक्षरा त्यांना लातूरला दातांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. दाढ राहिली बाजूला, डॉक्टरणीला गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत केवळाबाईंनी गिरणीत कुणाच्या तरी ज्वारीत हरभरा दळून ठेवला.

"आजी, कॅन्सर नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण मिसरी चालू ठेवली तर पुढं होऊ शकतो. आजपासून बंद. पालेभाज्या, फळं खा, रोज चाला, आणि गाल दाखवायला येत राहा."

"बाकीचं करते," केवळाबाई म्हणाल्या. "मिसरीचं आमच्या ओट्याला विचारावं लागंल."

खरी अडचण तिथंच होती. ओट्यावर रिकामं बोट घेऊन बसणारी बाई म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपास सांगणारी पाहुणी. बायका पहिल्या दिवशी हसणार, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या ओट्यावर जाणार. आणि स्वतः सोडून दुसऱ्यांना भाजून द्यावी, तर आपल्या गालाला नको ते जाहिदाच्या गालाला कसं द्यायचं? नवऱ्यामागं ज्या ओट्यानं त्यांना हसतं ठेवलं, तोच सुना होणार होता.

म्हणून केवळाबाईंनी एक उद्योग केला. बाभळीची वाळकी साल तव्यावर काळी केली, त्यात हिरड्याची पूड, मीठ आणि लवंग घातली, कुटली आणि तोंडातून शब्द न काढता सगळ्यांच्या डब्या भरल्या. रंग तोच, चिमूट तीच.

बोळाची मात्र तऱ्हा बदलली. सकाळपासून डोकी धरलेली. जाहिदाभाबींनी गिऱ्हाइकाला चुकीच्या मापाच्या बांगड्या चढवल्या आणि वर त्याच बाईला रागावल्या. चंद्रप्रभाबाई दोन-दोन चिमट्या लावून म्हणायच्या, "यंदाची तंबाखू लई हलकी निघाली. हिच्यात काही दम न्हाई." केवळाबाई स्वतः तळमळत होत्या, पण तळमळायला सोबत आहे याचं त्यांना जरा बरं वाटत होतं.

जाहिदाभाबींच्या डोक्यात मात्र भलतंच काही घोळत होतं. एका सकाळी सगळ्यांदेखत त्यांनी डबी केवळाबाईंपुढं ठेवली.

"केवळाक्का, तू ही कधी भाजलीस?"

"झाले तीन आठवडे."

"मग बोळात एक बी शिंक कशी आली न्हाई?"

केवळाबाईंनी सगळं सांगितलं. बाभूळ, हिरडा, चट्टा, डॉक्टरीण.

"तुझ्या भरवशावर डोळे मिटून तोंडात घालत होतो आम्ही," जाहिदाभाबी म्हणाल्या. "सांगितलं असतंस तर?"

"तर आल्या असत्या का तुम्ही?"

एकेक जण उठून गेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर केवळाबाई एकट्या होत्या. दळण घेऊन आलेल्या पोरीनं विचारलं, "आजी, आज सगळ्या कुठं गेल्या?" तिला त्यांनी फुकटात दळून दिलं आणि घालवलं.

तिसऱ्या दिवशी जाहिदाभाबी आल्या, हातात मोबाइल.

"गाल दाखव."

"काय?"

"आ कर म्हणते ना."

केवळाबाईंनी तोंड उघडलं. जाहिदाभाबींनी मोबाइलची बत्ती लावून डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मोबाइल केवळाबाईंच्या हातात दिला, शेजारी बसल्या आणि स्वतःचं तोंड उघडलं. "आता माझं बघ. नीट बघ."

उन्हं वर येईपर्यंत ओट्यावर रांग लागली होती. चंद्रप्रभाबाई जबडा उघडून बसल्या होत्या, त्यामुळं औशात प्रथमच त्यांच्यासमोर दुसऱ्यांना बोलायची संधी मिळाली. कुणाच्या गालात काय आहे हे कुणालाच कळत नव्हतं, पण मतं सगळ्यांची होती. शेवटी अक्षरानं सांगितलं, हे ओट्याचं काम नाही.

मग अर्ध्या तिकिटात अख्खा ओटा लातूरच्या एसटीत चढला. दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?" जाहिदाभाबी म्हणाल्या, "तू फक्त नावं लिही, थकशील."

जाहिदाभाबींच्या गालात छोटा चट्टा निघाला, वेळेवर सापडलेला. केवळाबाईंचा चट्टा फिकट झाला होता, हे डॉक्टरणीनं त्यांना आरशात दाखवलं. चंद्रप्रभाबाईंचं तोंड स्वच्छ निघालं. तरी कपाटात जुनी एक पुडी आहे, हे त्यांनी परतीच्या गाडीत कबूल केलं. ती टाकतील की नाही, यावर बायकांच्या पैजा लागल्या.

गाडी औशाकडं निघाली. जाहिदाभाबींनी पर्स टाकून खिडकीची जागा धरली होती. पर्स उचलून त्यांनी केवळाबाईंना तिथं बसवलं.

"उद्या ओट्यावर काय आणायचं गं?" त्यांनी विचारलं. "हातात काही तरी लागतंच."

"शेंगा आण," केवळाबाई म्हणाल्या. "आणि लवकर ये. त्या रुसून गेलेल्या सुनेचं काय झालं, ते अजून कुणी सांगितलं न्हाई."