तांब्याभर पाण्याचा खटला

आरोग्याच्या कायद्यात माझी हयात गेली. समित्यांवर बसलो, नियम लिहिले, हार घालून घेतले. पण वकिली कशाशी खातात ते कळलं पन्नासच्या दशकात, पिंपरीत, आणि तेही खटला हरल्यावर.

कारखाने उभे राहत होते. एका बागाईतदाराने कामगारांसाठी माळावर खोल्या बांधल्या आणि संडासाचा खड्डा खणला तो नेमका त्यांच्या विहिरीला खेटून. साताऱ्याकडून त्या खोल्यांत राहायला आलेल्या एका बाईचा मुलगा हगवणीने गेला. मग धाकटी मुलगीही अंथरुणाला लागली, तेव्हा बाईने तक्रार केली. खड्डा बुजवून घेण्यासाठी सरकारतर्फे मी उभा राहिलो.

माझा मुख्य साक्षीदार होता आरोग्य अधिकारी, उंटावरचा शहाणा. पाहणीला गेला तो आधी मालकाच्या ओसरीवर टेकला. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी आलं, आणि साहेबांनी तांब्या घटाघटा रिकामा केला.

कोर्टात मालकाने शपथेवर सांगितलं, "आमच्या घरातबी त्याच हिरीचं पानी हाय."

त्याच्या वकिलाने माझ्या साक्षीदाराला विचारलं, "आपण त्यांच्याकडे पाणी प्यालात?"

"हो."

"मग काही त्रास?"

"छे, छे!" गृहस्थ चक्क छाती फुगवून म्हणाला. कोर्ट हसलं आणि खटला निकालात निघाला.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, तिथं पाणी प्यालातच कशाला, तर म्हणतो, "यजमानाचं मन कसं मोडायचं हो?" पडलो तरी नाक वर! तिकडे पोरगी तापाने फणफणत होती आणि याला यजमानाच्या मनाची काळजी.

दुसऱ्या दिवशी मालकाने जिंकल्याच्या खुशीत मलाही चहाला बोलावलं. मी मुद्दाम गेलो. निम्मा गाव अंगणात बसला होता. माझ्यापुढे पाणी आलं, ते मी बाजूला सारलं. म्हटलं, "कोर्टात सांगितलंत, त्या विहिरीचं द्या." बाईला मी बरोबर आणलंच होतं. ती समोरच्या माळावरच्या विहिरीवर गेली आणि सगळ्यांदेखत शेंदून तांब्या घेऊन आली.

"आधी यजमान, मग आम्ही," मी म्हणालो.

मालकाने इकडेतिकडे पाहिलं. माघार घ्यायची सोय नव्हती. नाइलाजाने त्याने तांब्या उचलला. तो ओठांपाशी नेला, तोच आतून त्याची म्हातारी आई ओरडली, "आरं, पिऊ नगंस ते!"

मालकाने तांब्या खाली ठेवला. बाई उंबऱ्याकडे पाहत म्हणाली, "माज्या पोराला आसं कुनी वरडून सांगितलं न्हाई, आजी."

त्या आठवड्यात मालकाने स्वतः उभं राहून खड्डा बुजवला आणि विहीर उपसली. पोरगी वाचली. कोर्टाच्या निकालात मात्र ते पाणी पहिल्यापासूनच निर्मळ आहे.