बापूंच्या प्रोबचे स्क्रू

मुलांनो, बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोस्टात तुमच्या पार्सलचा फॉर्म भरत होते. शेजारच्या सुनंदाच्या आवाजावरूनच कळलं. तरी मी उरलेले दोन रकाने नीट भरले, पावती घेतली आणि मगच रिक्षात बसले... तुमच्या आजीच्या या नीटनेटकेपणाबद्दलच आज लिहायचं आहे.

बापू म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. गोडादऱ्याला आमच्याच घरी राहिले. पुढच्या खोलीत ते लूमची, म्हणजे यंत्रमागांची, इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करत. टेबलावर विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, आणि कार्डावर टेकवायच्या त्याच्या दोन सुया, म्हणजे प्रोब. रोज सकाळी बापू आधी प्रोब स्कोपच्याच कडीला अडकवत. तिथे स्कोप स्वतः एक चौकोनी लहर पुरवतो. पडद्यावर तिचे कोपरे गोल दिसले किंवा त्यांना टोकं फुटली, तर प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवत, कोपरे काटकोनात येईपर्यंत. मी चिडवायचे, "रोज काय तेच ते, भाऊजी?" त्यावर ते अहिराणीत म्हणत, "वहिनी, पहिले आपलं तपासानं, मंग दुसरानं खोटं म्हनानं."

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते जेवत असताना मी टेबल पुसलं. दोन्ही स्क्रूंच्या खाचा वेगवेगळ्या दिशांना होत्या. मला ते खटकलं. पेचकस घेऊन मी दोन्ही खाचा सरळ उभ्या केल्या, तिरकी तसबीर सरळ करावी तशा. जेवून उठल्यावर बापूंनी सचिन गावातल्या एका कारखानदाराचं कार्ड तपासलं. प्रोब सकाळीच जुळवलेले, म्हणून पुन्हा पाहिले नाहीत. लहरींना टोकं दिसली. "कार्ड गेलं, नवं घाला," असं त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोब कडीला लावले, तर स्कोपच्या चौकोनी लहरीलाच टोकं फुटलेली. मग स्वतःच कारखानदाराला फोन केला, कार्ड चांगलं असावं, चूक माझी. तो आला, आणि चार गिऱ्हाइकांसमोर गुजरातीत म्हणाला, "काका, हवे आँख बतावी आवो." डोळे दाखवून या! तो गेल्यावर बापू स्क्रूकडे बघत म्हणाले, "दोन्ही हलले कसे? मीच धड लावले नसतील..." मी चहा घेऊन उभी होते. मला सगळं कळलं होतं. आणि मी म्हणाले, "वय होतं हो, भाऊजी."

त्यानंतर एकेक कार्ड ते तीन-तीनदा तपासू लागले, मग गिऱ्हाइकं परत पाठवू लागले. दिवाळीला काम बंद केलं. हळूहळू औषधाची पट्टीसुद्धा माझ्या हातात देऊन म्हणत, "तुम्ही वाचा. माझा भरवसा नाही." मी नाव वाचायचे. ते मान डोलवायचे. "तुमचं कधी चुकत नाही, वहिनी." दोन वर्षं, रोज सकाळी, मला एक वाक्य बोलायची संधी होती. मी गोळीचं नाव वाचत राहिले.

आता माझ्या स्वतःच्या गोळ्यांची पट्टीही मी मोठ्याने वाचते. समोर कोणी नसतं. मग चष्मा पुसते, आणि पुन्हा एकदा वाचते.