चालती कंपनी बंद करणारे भिया

श्री. गजाननराव पारसनीस यांची आणि माझी पहिली गाठ इंदूरला खजरान्याच्या गणपतीला पडली. बुधवार होता, आमच्या भजनी मंडळाची पाळी होती आणि मी पेटी वाजवत होतो. एक गृहस्थ खांबाला टेकून उभे होते. हातात प्रसादाचा पुडा, आणि नजर देवाकडे नव्हे तर माझ्या बोटांकडे. मला वाटलं, झालं, कुणी जाणकार आले, आता चुका काढणार. भजन संपल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "केशवराव इंगळे ना तुम्ही? एक विचारू? तीच ओळ न कंटाळता किती वेळ वाजवू शकता?"

मी म्हटलं, "माझी बायको म्हणते, जन्मभर."

ते हसले नाहीत. "मग परवा रामबागेत आमच्या घरी या. काम है," म्हणाले, आणि लाडू माझ्या हातावर ठेवून निघूनही गेले.

तेव्हा नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. दफ्तरं भोपाळला चालली होती आणि इंदूरच्या मराठी घरांतून ट्रंका बांधल्या जात होत्या. पारसनीसांचं घराणं संस्थानी काळापासून कारकुनीतलं; त्यांचीही बदली निघाली. त्यांनी राजीनामा दिला. मातोश्रींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. सरकारी नोकरी सोडून काय करणार, तर रेकॉर्ड काढणार, आणि त्याही फक्त नाचाच्या. गावाने त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं असतं, पण मला काम मिळालं होतं ना. आम्ही वाजवणारे त्यांना इंदुरी थाटात भिया, म्हणजे भाऊ, म्हणत असू. या गौरवग्रंथाच्या संपादकांची हरकत नसेल, तर पुढे मला तेच म्हणू द्यावं. "श्रीमान पारसनीस" लिहिताना मला कुणा परक्याबद्दल लिहितोय असं वाटतं.

कंपनीचं नाव 'पैंजण'. घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. खिडक्यांना गोदड्या ठोकलेल्या, आणि शेजारच्या जोशीकाकूंना विनंती की दोन तास कुटू नका. ध्वनिमुद्रण इथे व्हायचं, तबकड्या कलकत्त्याच्या कारखान्यात निघायच्या आणि पेंढ्यात गुंडाळून रेल्वेने यायच्या. मालव्यात लग्नात बायका नाचतात त्या मटकी नाचाच्या रेकॉर्ड होत्या, गरब्याच्या होत्या. पण नाव झालं ते लेहऱ्याच्या रेकॉर्डमुळे. लेहरा म्हणजे कथकच्या तालाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहणं. नाचणाऱ्या मुलीने तिच्यावर आपले तोडे बसवायचे. हे काम माझं. तीन मिनिटं ओळ तीच, ना इकडे ना तिकडे.

भियांचा एक नियम होता: नाचणाऱ्याशिवाय रेकॉर्ड नाही. आम्ही वाजवताना खोलीत कुणीतरी नाचलंच पाहिजे, म्हणजे चाल पायांतून यायची. शिवाय नमुन्याची तबकडी आली की ती आधी नाचणाऱ्यांपुढे लावायची. पाय उठले तर विक्रीला, नाही तर नाही. मटकीची एक रेकॉर्ड आम्हाला फार आवडली होती. ती घेऊन भिया हातोदला गेले, मंडीच्या मागे एका लग्नघरी लावली. बायका ऐकत बसल्या, छान ऐकत बसल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "भैया, यो तो बैठवा को गाणो है." म्हणजे बसून ऐकायचं. भियांनी ती रेकॉर्ड विक्रीला काढलीच नाही. मी पुष्कळ वाद घातला. ते म्हणाले, "केशवराव, त्यांनी निकाल दिलाय. आपण कोण?"

माणूस म्हणून ते कसे, तर एक सांगतो. ऐन मुद्रणाच्या आठवड्यात माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं. शहरात पेटीवाले काही कमी नव्हते. भियांनी कारखान्याला तार केली की माल उशिरा येईल, आणि रोज सकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. अंगठ्याबद्दल अक्षर नाही. चहा, पोहे, गप्पा, आणि निघताना माझ्या बायकोला हळूच, "वहिनी, सूज उतरतेय ना?" तिसऱ्या आठवड्यात मी वाजवलं. एवढी वाट माझी कुणी पाहिली नव्हती, आणि तेव्हा मला ते नीट कळलंही नाही.

काही वर्षांत 'पैंजण' घराघरांत गेली. उज्जैन, देवास, धार, रतलाम, खंडवा; जिथे म्हणून मुलींच्या पायात घुंगरू होते तिथे आमची तबकडी होती. मी रस्त्याने जाताना खिडकीतून माझीच पेटी ऐकू यायची. मान जरा ताठ झाली होती माझी, कबूल करतो.

आणि मग भोपाळ. तिथे राज्यभरच्या मुलींची नृत्यस्पर्धा होती, भिया मला बरोबर घेऊन गेले. लेहऱ्याला तिथलेच एक सारंगीवाले होते, अगदी घड्याळासारखे. उज्जैनची मुलगी नाचायला उभी राहिली, छान नाचली, आणि दोन मिनिटांनंतर सारंगीच्या पुढे पळाली. मग धारची. ती पण तिथेच पळाली. मग खंडव्याची. पाचव्या मुलीला लखनौहून आलेल्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ये मालवे की लड़कियाँ तीसरे मिनट में जाती कहाँ हैं?" सभागृह हसलं.

कुठे जात होत्या, ते फक्त मला माहीत होतं. त्या हातोदची बस पकडायला जात होत्या. त्या जिच्यावर शिकल्या, ती लेहऱ्याची तबकडी ज्या दिवशी मुद्रित झाली, त्या दिवशी मला हातोदला बहिणीच्या घरी कार्याला जायचं होतं आणि शेवटची बस साडेपाचची होती. तिसऱ्या मिनिटाला माझी बोटं घाईला आली. खोलीत नाचणारी मुलगी माझ्यामागे धावली, आणि आम्हाला वाटलं, वा, रंग चढला. पाय उठले होते, नियम पाळला गेला होता. माझी ती घाई आता अख्ख्या मालव्याच्या मुलींच्या पायात जाऊन बसली होती.

मी भियांच्या कानात सांगितलं. ते आधी खूप हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग खिशातून कागद काढून पळालेल्या मुलींची गावं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुशीलाताईंकडे गेलो. त्यांचा कथकचा वर्ग शहरातला सगळ्यात जुना, आणि खोलीत नाचायला मुली त्यांच्याकडूनच यायच्या. भियांनी विचारलं, "ताई, मुली पळतात, तुम्ही थांबवलं नाहीत?"

"गजाननराव, मलाही वाटलं ते तसंच असतं. रेकॉर्डमध्ये आहे म्हटल्यावर बरोबरच असणार ना."

"आणि नूरमियाँ? ते असते तर..."

ताई जरा ओशाळल्या. नूरमियाँ म्हणजे त्यांच्या वर्गात वर्षानुवर्षं लेहरा धरणारे सारंगीवाले. "त्यांना मी केव्हाच रजा दिली हो," ताई म्हणाल्या. "आता रेकॉर्ड आहे ना."

नूरमियाँ सियागंजात एका गोदामात पोती शिवताना सापडले. त्यांनी उठून आम्हाला बसायला पोतं झटकून दिलं. तक्रार एका शब्दाची नाही. भियांनी भोपाळची हकीकत सांगितली, तेव्हा सुई तशीच हातात धरून एवढंच म्हणाले, "भिया, बच्ची का पैर गलत पड़ता था तो मैं गज रोक लेता था। आपका तवा नहीं रुकता।"

तवा म्हणजे आमची रेकॉर्ड. भियांचा चेहरा मी पाहिला. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी माझ्याच अपराधात गुंतलो होतो.

महिन्याभरात भियांनी कंपनी बंद केली. बुडाली म्हणून नव्हे. मागणी वाढतच होती, मुंबईचे एक व्यापारी नावासकट सगळं विकत घ्यायला येऊन बसले होते. भियांनी त्यांना जेवू घातलं आणि नाही म्हणाले. मी हात जोडले. "भिया, नवीन तबकडी काढू. या वेळी बिलकुल बराबर वाजवतो. देवाशपथ."

"तुम्ही बरोबरच वाजवाल," ते म्हणाले. "म्हणून तर जास्त भीती. मग आणखी वर्गांतले वाजवणारे घरी जातील. आणि मटकीच्या रेकॉर्डमुळे ढोलवाले. मी नाच वाढवायला निघालो होतो, केशवराव. वाजवणाऱ्यांना उठवायला नाही."

"आणि मी? मी वाजवणारा नाही?"

मी डोक्यात राख घालून उठलो.

आता जे लिहितो ते गौरवग्रंथात शोभत नाही, पण त्याशिवाय माझ्या लेखाला अर्थ नाही. मी गावभर भियांची बदनामी केली. राजवाड्यासमोर पानाच्या ठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगितलं की पारसनीसांनी आमच्या पोटावर पाय दिला. एका चुकीचा राग धरून माझा काटा काढला. या ग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ते माझ्या तोंडून ऐकलं आहे. दीड वर्ष मी रामबागेतून जायचं टाळलं, खजरान्यालाही बुधवार सोडून जाऊ लागलो.

त्या दीड वर्षात भिया काय करत होते, हे मला ठाऊक नव्हतं. ते एकेका गावी, एकेका वर्गात जात होते. जिथे वाजवणारा मिळू शकतो तिथल्या बाईंना पटवायचं, त्याला नेऊन बसवायचं, आणि मगच तबकडी परत मागायची. जिथे कुणीच वाजवणारा नाही, तिथली तबकडी त्यांनी मागितली नाही. तिच्यात चाल कुठे पळते आणि तिथे कसं सावरायचं, ते मात्र तिथे बसून समजावलं. नूरमियाँ सुशीलाताईंच्या वर्गात परत गेले. ताई स्वतः टांगा घेऊन सियागंजात गेल्या होत्या त्यांना आणायला.

आणि एके दिवशी मला छावणीतल्या एका मुलींच्या शाळेचं पत्र आलं: नृत्यवर्गाला लेहऱ्यासाठी आपण यावं. मी बायकोला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, नाव आहे अजून.

पहिल्याच दुपारी एक लहानशी मुलगी नाचायला उभी राहिली. रेकॉर्डवर शिकलेली. दोन मिनिटं झाली आणि ती पळाली. मी भाता थांबवला. ती थांबली, गोंधळली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बेटा, तुझं नाही चुकलं. परत ये, मी इथेच आहे." पुन्हा सुरू केलं. पुन्हा पळाली, पुन्हा थांबलो. आठवड्याभरात ती त्या जागेवरून अशी शांत चालत गेली की मला पेटीमागे रडू आलं. इतकी वर्षं मी वाजवत होतो, पण नाचता नाचता मान वळवून माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, आणि मीही कुणाचे पाय पाहिले नव्हते.

पुढे शाळेच्या मोठ्या बाई सहज बोलून गेल्या, "तुमच्यासाठी पारसनीसजी चार वेळा आले होते. मी म्हणायचे, रेकॉर्डप्लेअर आहे, माणूस कशाला? ते म्हणायचे, आप एक बार इंगळेजी को सुन तो लीजिए." मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तडक रामबागेत गेलो. काय काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं. भियांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "मुली कशा आहेत?" मग आम्ही दोन तास मुलींबद्दल बोललो. माफीचं राहूनच गेलं. त्यानंतर कितीदा भेटलो, पण विषय काढला की ते चहा मागवतात.

आज भियांना साठ वर्षं पूर्ण होताहेत. बडवानीकडच्या काही गावांत अजून वाजवणारे बसवायचे आहेत, असं त्यांनी परवाच मला सांगितलं. बसने जाणार आहेत आणि मीही बरोबर जाणार आहे. श्रीगजाननाने त्यांना निरोगी दीर्घायुष्य द्यावं, त्यांचे गुडघे आणि कान दोन्ही शाबूत ठेवावेत, एवढंच मागणं. पण मी जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो, म्हणून हेही चारचौघांतच सांगतो. इथे त्यांना चहा मागवता येणार नाही.

भिया, तुम्ही बरोबर होता. चुकलो मी.