कडगंचीचा खोल पिझ्झा

कडगंचीला विद्यापीठाच्या रस्त्यावर एकजण गाड्यावर शिकागोचा खोल पिझ्झा विकायचा. हैदराबादच्या हॉटेलात कामाला असताना गॅसचा भडका उडून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. मी लेकीला घेऊन गेले, तेव्हा ओव्हन पेटवण्याआधी त्यानं आम्हाला रस्त्यापलीकडं उभं केलं. त्यानं हात लांब करून काडी ओढली. भक्क आवाज झाला आणि तो दचकून मागं सरला. लेक मला बिलगली.

जाळ नीट लागल्यावर त्यानं आम्हाला जवळ बोलावलं. पिझ्झा भाजेपर्यंत तो बोलत राहिला, पण नजर जाळावरच. "चपातीवानी पातळ न्हाई ह्यो. तिकडच्या लोकांनी खोल भांड्यात केला. भाजायला येळ लागतोय, म्हणून चीज खाली, टमाटे वर. न्हाईतर चीज करपतंय."

"एवढं भ्या वाटतंय, तर कामून करायलाव, अण्णा?"

"घरी बसलो तर झोपेतबी जाळच दिसतोय, अक्का. तो इझवता येत न्हाई. हितं गॅसचा कॉक माझ्या हातात हाय."

त्यानं पिझ्झ्याचा तुकडा कापला. चीजची लांब तार निघाली आणि लेक खुदकन हसली. कडा खमंग होती, टमाटे आंबटगोड. तसा पिझ्झा पुन्हा कुठं मिळाला नाही. पण त्या दिवशी ओव्हनकडं पाठ करून मला एक घासही घेता आला नाही.